श्रीखंडाच्या डब्यातली गोळी

आमच्या घरी फ्रीजवर एक श्रीखंडाचा डबा आहे. आतलं श्रीखंड संपून दहाएक वर्षं झाली असतील, डबा मात्र ठणठणीत. त्यात अण्णांच्या गोळ्या असतात. बीपीची, शुगरची, अधूनमधून अॅसिडिटीची. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी जो कुणी येतो, त्याला हा डबा ठाऊक असतो. पाहुणे पानावर बसलेले असले तरी अण्णा खुशाल डबा उघडतात, दोन गोळ्या तळहातावर घेतात आणि ‘हे आपलं टॉनिक’ म्हणत गिळून टाकतात. कुणाला काही वाटत नाही.

माझी गोळी मात्र सॉक्समध्ये होती. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, लोकरीच्या सॉक्सच्या जोडीत. सोलापुरात लोकरीचे सॉक्स कोण घालतं? म्हणूनच तिथं.

तर दोस्तांनो, आजची गोष्ट आहे सॉक्सपासून डब्यापर्यंतच्या प्रवासाची. अंतर जेमतेम पंधरा फूट. मला सात महिने लागले.

बग सापडेना

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हाच धंदा. २०२३च्या उन्हाळ्यात माझ्याच सिस्टीममध्ये काहीतरी बिघडलं आणि मला तीन महिने ते कळलंच नाही. कारण माझ्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे रडणं असं पक्कं बसलं होतं. सिनेमात असतं ना, खिडकी, पाऊस, मागे व्हायोलिन. मला रडूच येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. मशीनमध्ये कपडे टाकले आणि ते तीन दिवस तिथंच कुबट वासाचे होऊन पडले. आईचा फोन आला की स्क्रीनकडे बघत बसायचे, तो बंद पडेपर्यंत. पहाटे चारला टक्क जाग आणि सकाळी दहाला अंथरुणातून उठवेना. मीटिंगमध्ये मॅनेजरनं साधा प्रश्न विचारला तर उत्तर डोक्यातून तोंडापर्यंत यायला एवढा वेळ लागायचा की लोक म्हणायचे, ‘तुझं नेटवर्क गेलंय का?’

ऑगस्टमध्ये रूममेटनं एका शुक्रवारी माझी बॅग भरली आणि मला हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवलं. रात्री स्टेशनवर दादा घ्यायला आला होता. माझ्याकडे बघून त्यानं एवढंच विचारलं, ‘जेवलीस का?’ मला आठवत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरानं घरगुती उपाय केले. आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, सिद्धरामेश्वराला बोलली. अण्णा म्हणाले, पुण्याचं बाहेरचं खाऊन असं होतं, चार दिवस कडक भाकरी आणि शेंगा चटणी खा. शेजारच्या काकूंचं मत पडलं की लग्न केलं की सगळं बसतं जागेवर. शेवटी वहिनीनं कुणालाही न विचारता मनोविकारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली आणि मला स्कूटीवर मागे बसवून नेलं. घरी सांगितलं, पार्लरला चाललोय.

डॉक्टर मॅडमनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. कारण यातलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच मरगळतो. रिपोर्ट नॉर्मल आले. कधी विनाकारण खूप उत्साह, खूप खर्च, रात्र-रात्र न झोपता काम असं झालंय का, हेही त्यांनी खोदून खोदून विचारलं. तसं असेल तर आजार वेगळा आणि औषधंही वेगळी. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला डिप्रेशन आहे. बरं होण्यासारखं आहे. गोळी सुरू करू आणि बरोबर काउन्सेलिंगही.’

गोळीचं नाव एसिटालोप्राम. आठवडाभर पाच मिलिग्रॅम, मग दहा. मी चिठ्ठी दोनदा घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चांगलं मेडिकल असताना वहिनीला म्हटलं, सात रस्त्याकडे घे. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही.

पहिले सतरा दिवस

मॅडमनी एक गोष्ट चांगली केली. खोटं सांगितलं नाही. ‘पहिल्या आठवड्यात फायदा दिसणार नाही, त्रास दिसेल. फायदा दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतो, पूर्ण कळायला सहाही लागतात. त्रास आधी आणि आराम नंतर, हा या औषधाचा वाईट स्वभाव आहे. मध्येच सोडू नका आणि मनात काही भलतंसलतं आलं, तर त्याच दिवशी फोन करा.’ पंचविशीच्या आतल्या पेशंटकडे तर या काळात जास्तच लक्ष ठेवावं लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी तिशीला टेकलेली, तरी वहिनीला शेजारी बसवून त्यांनी ते ऐकवलं.

टेस्टर माणूस. मी एक्सेल शीट उघडली. तारीख, त्रास, किती वेळ, एक ते पाचमध्ये किती.

पहिली गोळी ११ सप्टेंबरला, नाश्ता झाल्यावर. पहिला दिवस: काही नाही. दुसरा दिवस: आईनं फोडणी टाकली आणि मी तोंड दाबून मोरीकडे पळाले. तिसरा: जांभया. झोप येत नाही, पण जांभया थांबत नाहीत. मीटिंगमध्ये सलग सहा. पाचवा: तोंड कोरडं, रात्री उशी घामानं ओली, स्वप्नं इतकी ठसठशीत की सकाळी खरं काय ते ठरवावं लागायचं. नवव्या दिवशी गणपती बसले. पेठेत ढोल आणि लेझीम सुरू झाली आणि माझ्या अंगात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. बसवेना, उभं राहवेना. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. बाराव्या दिवसापुढे मी फक्त एक शब्द लिहिलाय: ‘पुरे.’

त्या दिवशी मी शीट मॅडमना पाठवली. त्यांनी फोनवर सगळं वाचून सांगितलं, मळमळ जेवणानंतर घेतल्यानं कमी होईल, तळमळ जास्त वाटली तर लगेच सांगायचं, डोस वाढवण्याची घाई नको. आणि म्हणाल्या, ‘अशी नोंद सगळे ठेवतील तर माझं अर्धं काम होईल.’ ऑफिसात तीन वर्षांत एवढं कौतुक झालं नव्हतं!

आता सतरावा दिवस. त्या वर्षी आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. सोलापूरकरांना हे काय सांगायचं! पाणी आलं की घर खडबडून उठतं, पिंप, घागरी, बादल्या, सगळं भरून ठेवायचं. पहाटे पाणी आलं, मी उठले आणि आईबरोबर बादल्या ओतू लागले. त्यात विशेष काही नव्हतं. नंतर भाकरी खाताना मी सहज म्हटलं, ‘आई, या वेळी चटणीत लसूण जास्त झालाय गं.’

आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. आत जाऊन पाहिलं तर पदरानं डोळे पुसत होती. चार महिन्यांत मी पहिल्यांदा कशाबद्दल तरी तक्रार केली होती.

सांगायचं ते हेच. गोळीनं आनंद मिळत नाही. काहीजण म्हणतात ना, हॅपी पिल, तसलं काही नसतं. तिनं मला फक्त चटणीची चव परत दिली. तक्रार करायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, ती दिली. त्या ताकदीवर बाकीचं मला करायचं होतं. रोज अर्धा तास चालणं, दर आठवड्याला काउन्सेलिंग, झोपेची वेळ, साचलेले कपडे. बादली भरून मिळाली होती, आंघोळ माझी मलाच करायची होती.

गोळीचा इतिहास, दोन मिनिटांत

या औषधांची सुरुवात कुणी मन बरं करायला म्हणून केलीच नव्हती. १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटना आयप्रोनियाझिड नावाचं औषध देत होते. टीबीचं काय झालं ते झालं, पण खाटेला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली, जेवण मागू लागली. डॉक्टर चक्रावले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनवर काम करून १९५७ साली ते प्रसिद्ध केलं. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७च्या अखेरीस परवानगी मिळाली, आणि माझी गोळी त्याच कुळातली, धाकटी.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं, गोळी ते भरून काढते’ असं आपण सगळीकडे वाचतो. ते फारच सोपं करून सांगितलेलं आहे. २०२२मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानं तर या समजुतीला पुरेसा आधारच नाही, असं म्हटलं आणि जोरदार वाद झाला. औषध नेमकं कसं काम करतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण काम करतं का, हा प्रश्न वेगळा. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि लाखावर पेशंट एकत्र करून २१ औषधं तपासली गेली. सगळीच्या सगळी साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मात्र बहुतेकांत बेताचाच. म्हणजे जादू नाही आणि थोतांडही नाही. मला हे वाचून उलट हायसं वाटलं. बेताचा फरक म्हणजे काय, हे मी चटणीच्या वाटीत बघितलं होतं.

कुणी बोलत नाही ते

डिसेंबरपर्यंत मी बऱ्यापैकी रुळावर आले. ऑफिसचं काम घरूनच, पण पूर्ण वेळ. मळमळ, जांभया गेल्या. दोन गोष्टी राहिल्या आणि त्यांच्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

एक म्हणजे भावना थोड्या बोथट होतात. जिवलग मैत्रिणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा हॉल रडत होता आणि मी मनात रिटर्न गिफ्ट मोजत होते. आवाज कुणीतरी दोन नंबरवर आणून ठेवल्यासारखा. दुसरं म्हणजे शरीराची इच्छा. तीही गार पडते. स्त्री असो वा पुरुष, या गोळ्यांचा हा नेहमीचा साइड इफेक्ट आहे आणि अनेकजण नेमक्या याच कारणासाठी गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरला सांगायची लाज वाटते ना! मी हिय्या करून विचारलं. मॅडम सहज म्हणाल्या, ‘डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, उपाय आहेत. पण तुम्ही बोललात तर.’

मी त्यांना हे विचारलं, पण पुढच्याच महिन्यात जे केलं ते विचारलं नाही.

गड्ड्यात पाळणा, डोक्यात करंट

जानेवारी २०२४. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, तोंडावर आला होता. त्याच आठवड्यात पुण्याहून एक स्थळ येणार होतं. मुलगा इंजिनिअर, कुटुंब ओळखीतलं. आई हळूच म्हणाली, ‘त्या गोळ्यांचं आत्ताच नको काढायला. आता तू बरी आहेस ना?’

होते की मी बरी! झोप चांगली, जेवण चांगलं, भाच्याबरोबर हुरडा खायला शेतावरही जाऊन आले होते. मग गोळी कशाला? बऱ्या माणसानं औषध घ्यायचं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री धरायची. आणि पाहुणे येणार म्हणजे वहिनीची आई, मावशी, सगळे माझ्याच खोलीत झोपणार. कुणी कपाट उघडलं तर? मी सॉक्ससकट स्ट्रिप जुन्या सुटकेसमध्ये टाकली आणि सुटकेस माळ्यावर. बंद म्हणजे बंद. एका दिवसात.

चौथ्या दिवशी अक्षता सोहळा. संमती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नाही. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ‘हर्र बोला हर्र’चा गजर, एकामागून एक येणारे सात नंदीध्वज. लहानपणापासून बघतेय, तरी तेवढाच काटा येतो अंगावर. पुढचा नंदीध्वज बघायला मी मान वळवली आणि डोक्यात करंट लागल्यासारखं झालं. झर्रकन. डोळे फिरवले की पुन्हा. पाय जमिनीवर आहेत की नाहीत, कळेना. मी वहिनीचा दंड धरला. ती म्हणाली, ‘ऊन लागलं का?’ म्हटलं, ‘हो.’

हे गोळी एकदम बंद केल्यामुळे होतं. शरीराला तिची सवय झालेली असते, म्हणून ती पायरी पायरीनं कमी करावी लागते. इथं एक घोळ नेहमी होतो. काकूंसारखे लोक म्हणतात, ‘बघा, सवय लागते, म्हणजे व्यसनच.’ तसं नाही. या गोळीनं नशा होत नाही, ती जास्त हवी अशी ओढ लागत नाही. झोपेच्या गोळ्यांचं गणित वेगळं असतं आणि लोक दोन्ही एकाच पिशवीत भरतात. पण म्हणून एकदम सोडली तर काहीच होत नाही, असंही नाही. करंट, चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, हे सगळं मी अनुभवलं.

दहा-बारा दिवसांत करंट थांबले. मी स्वतःवर जाम खूश. बघा, जमलं की!

मग फेब्रुवारी आला. मशीनमध्ये कपडे पुन्हा राहिले. पुन्हा पहाटे चार. गोळी सोडल्याचा त्रास काही दिवसांत येतो आणि बहुधा ओसरतो, खरा आजार मागून येतो, सावकाश, तुम्ही निर्धास्त असताना. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री, भांड्यांचे आवाज ऐकत पडले असताना, माझ्या मनात आलं की आपण नसलो तर या घराचं जरा सोपं होईल. अगदी शांतपणे आलं. हिशोबासारखं. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

मी उठले, दादा-वहिनीच्या खोलीचं दार वाजवलं आणि जे मनात आलं होतं ते तसंच्या तसं सांगितलं. भाचा जागा झाला, रडायला लागला. दादा त्याला ‘गप बे’ म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला. वहिनी रात्रभर माझ्या खोलीत झोपली. सकाळी नऊला आम्ही मॅडमकडे होतो. या वेळी पार्लरचं नाव सांगितलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘सोडून किती दिवस झाले?’ आणि पुन्हा पाचपासून सुरुवात. पुन्हा मळमळ, पुन्हा जांभया, पुन्हा शीट.

अण्णा

अण्णांना त्या दिवशी सगळं कळलं. तोवर त्यांच्या लेखी मी ‘अशक्तपणाच्या गोळ्या’ घेत होते. दिवसभर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ‘वेड्यांची औषधं’वर भाषण ऐकावं लागणार. रात्री जेवण झाल्यावर ते फ्रीजवरचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

‘२०१९ला मी बीपीची गोळी बंद केली होती. तुला माहितीये?’

मला नव्हतं माहीत.

‘मशीनवर मोजलं, एकशे वीस-ऐंशी. म्हटलं, बरा झालो. उगाच कशाला पैसे घालवायचे. तीन आठवड्यांनी दुकानात चक्कर आली, काउंटरवर डोकं आपटलं. तुम्हाला सांगितलं, पाय घसरला. डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे? अहो, गोळी चालू होती म्हणून बीपी नॉर्मल होतं. नॉर्मल आहे म्हणून गोळी नको, असं नाही.’

मग त्यांनी हात पुढे केला. ‘कुठाय तुझी स्ट्रिप?’

मी आतून आणून दिली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, दोनदा, अक्षर अक्षर लावून. चाळीस वर्षं चादरींच्या गठ्ठ्यांवर ज्या मार्करनं नंबर टाकले, त्याच मार्करनं स्ट्रिपच्या पाठीवर लिहिलं: ‘सकाळी, नाश्त्यानंतर.’ आणि ती आपल्या गोळ्यांशेजारी डब्यात ठेवली.

‘इथं असली म्हणजे मला दिसेल,’ म्हणाले. ‘लपवलेली गोळीच चुकते.’

लाखाची गोष्ट. नोंदी काढून बघितल्या. सप्टेंबर ते जानेवारी मी एकोणीस वेळा गोळी उशिरा किंवा घेतलीच नव्हती. आठवण नव्हती म्हणून नाही. खोलीत कुणीतरी होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बसल्या होत्या, चहा चालू होता. अण्णांनी सगळ्यांसमोर डबा उघडला, आपल्या दोन घेतल्या आणि हाक मारली, ‘ए, तुझी राहिली.’ मी पाणी घेतलं. काकूंनी स्ट्रिपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पेठेत बातमी पसरायला एक दुपार पुरते. पसरली. दोन घरी जरा जास्त गोड बोलणं सुरू झालं, एका घरी कमी. आणि एक दिवस वरच्या गल्लीतल्या एका मुलानं, ज्याच्याशी मी शाळेनंतर बोलले नव्हते, रस्त्यात थांबवून हळूच विचारलं, ‘ताई, त्या मळमळतं ती किती दिवस?’ मी म्हटलं, ‘माझी दहा दिवस होती. शीट पाठवते.’

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले, १९४२ साली. कशानं? फिट्स येत होत्या. मेंदूचाच आजार. कुणी म्हणतं का, कोटणीस मनाचे कच्चे होते? त्यांचा जन्मदिवस १० ऑक्टोबर, आणि १९९२पासून जागतिक मानसिक आरोग्य दिनही १० ऑक्टोबरलाच असतो. निव्वळ योगायोग. पण सोलापूरकरांनी तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

बरं, त्या स्थळाचं काय झालं? ते तसं लांबलं होतं, नाही म्हणालेले नव्हते. एप्रिलमध्ये मीच मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. चार दिवसांनी मेसेज आला, ‘घरचे नको म्हणतायत.’ मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. आई तर आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मग एका रविवारी दादानं सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ लावला, २०१६चा, पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालेला. त्यातली जानकी नैराश्यातल्या एका अनोळखी पोराला घरात ठेवून घेते आणि प्रश्न विचारत नाही. आई शेवटपर्यंत पदराचं टोक पिळत बसली होती. संपल्यावर म्हणाली, ‘मी किती प्रश्न विचारले गं तुला.’ नंतर तिनं स्थळाचा विषय काढला नाही. म्हणजे, दिवाळीपर्यंत काढला नाही!

आज मी कुठे आहे? पुण्याला परत गेलेय, महिन्यातून दोनदा घरी येते. एकदा उलटल्यामुळे या वेळी मॅडमनी औषध जास्त काळ चालू ठेवलं. आता डोस हळूहळू उतरवतोय, आणि प्रत्येक पायरीवर आम्ही काही आठवडे थांबतो. कदाचित पूर्ण बंद होईल, कदाचित होणारही नाही. पूर्वी या ‘कदाचित’नं माझी झोप उडायची.

परवा घरी आले होते. गोळ्या संपत आल्या होत्या. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि चिठ्ठी काउंटरवर उलगडून ठेवली. आत बसलेल्या काकांनी वाचली, ड्रॉवर उघडला आणि स्ट्रिप काढता काढता विचारलं, ‘अण्णांची बीपीची पण देऊ का? त्यांचीही संपली असेल.’

म्हटलं, द्या. एकाच पिशवीत.

लक्षात असू द्या

• गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सुरू करू नका आणि डॉक्टरला न विचारता बंद करू नका. मैत्रिणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असं नाही.

• पहिले दोन-तीन आठवडे त्रासाची नोंद ठेवा. चालू असलेली बाकीची औषधं, आयुर्वेदिकसुद्धा, डॉक्टरला सांगा. या काळात दारू नको.

• बरं वाटायला लागल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आजार पुन्हा उलटला असेल तर त्याहून जास्त.

• मानसिक आरोग्य कायदा २०१७, मे २०१८पासून लागू. त्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे. आपली पॉलिसी एकदा वाचून काढा.

• जगणं नको वाटत असेल तर त्याच क्षणी कुणाचं तरी दार वाजवा. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’चा फुकट नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.